गुलाबी बोंडअळी ‘हुशार’ झाली का? कपाशीच्या शेतातले एक उत्क्रांती-प्रकरण

२०१७ च्या दिवाळीनंतर विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या शेतांत एकच दृश्य दिसत होते. झाडावर बोंडे भरपूर, बाहेरून हिरवीगार आणि धडधाकट. मात्र फोडली की आत गुलाबी अळी, पोखरलेली सरकी आणि पिवळी पडलेली कवडी, म्हणजे नीट न उमललेला खराब कापूस. त्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे ४२ लाख हेक्टरवर कपाशी होती आणि ती जवळपास सगळी बीटी होती, म्हणजे याच अळ्या मराव्यात म्हणून तयार केलेली. त्या काळात बांधावर आणि बातम्यांत तीन वाक्ये सारखी ऐकू येत: अळी विषाला सरावली, अळी हुशार झाली, अळी पूर्वीपेक्षा ताकदवान झाली.

ही तिन्ही वाक्ये चुकीची आहेत, आणि त्या चुकीची किंमत शेतात मोजावी लागते. अळी ताकदवान झाली असे मानले की उपाय एकच सुचतो, आणखी जहाल विष. प्रत्यक्षात अळीने काही कमावले नव्हते, गमावले होते. ते गमावणे फायद्याचे ठरेल असे शेत आपण पंधरा वर्षे तयार करत होतो.

आपल्या ‘उत्क्रांती’ या शब्दातच एक अडचण आहे. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘क्रांती’ म्हणजे पाऊल टाकणे. शब्द उच्चारताच जिना डोळ्यांसमोर येतो: खाली जंतू, मध्ये मासा, वर माणूस. दशावतारांची मत्स्य-कूर्म-वराह ही ओळ उत्क्रांतीशी जोडून दाखवण्याची आपल्याकडची आवडही त्याच जिन्यावर उभी आहे. बोंडअळीचे प्रकरण या जिन्यावर बसत नाही, म्हणूनच ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

घटनाक्रम

गुलाबी बोंडअळी, म्हणजे आपली जुनी शेंदरी अळी, शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. १८४३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले ते भरुचकडच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. ही या भूमीतली जुनी कीड आहे.

बीटी हे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे. त्याच्या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातलेल्या संकरित वाणांना भारतात मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधी, २००१ मध्येच, गुजरातेत विनामंजुरी बीटी कपाशी शेतात सापडली होती. पहिल्या पिढीच्या वाणांत क्राय१एसी हे एकच प्रथिन होते. २००६ मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन प्रथिने असलेली बोलगार्ड-२ आली. २००८ च्या हंगामात अमरेलीतून गोळा केलेल्या अळ्या क्राय१एसीला दाद देत नसल्याचे प्रयोगशाळेत दिसले. मार्च २०१० मध्ये हे बीटी तंत्रज्ञान आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेही अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत प्रतिकार असल्याचे जाहीर केले. २०१४-१५ पर्यंत गुजरातेत बोलगार्ड-२ वरही जिवंत अळ्या दिसू लागल्या आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राची पाळी आली.

या कालपटात सगळ्यांत महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा वगळला जातो: २००३ ते २००८ ही शांत वर्षे. तेव्हा बोंडअळी जवळपास दिसेनाशी झाली होती. नैसर्गिक निवड सगळ्यांत कठोरपणे चालू होती ती त्याच वर्षांत.

अळीच्या पोटात काय बदलले

क्राय१एसी अळीच्या पोटात जाते. तिथल्या अल्कधर्मी रसात विकरांकडून त्याचे तुकडे होऊन ते कामाचे होते, आणि मग आतड्याच्या भिंतीवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. या पकडीनंतर आतड्याच्या पेशींना छिद्रे पडतात, अळी खाणे थांबवते आणि काही दिवसांत मरते. कॅडहेरिन हे अळीचे स्वतःचे प्रथिन आहे. विषाला त्याचा फक्त आधार मिळतो.

प्रतिकारक अळ्यांत हे कॅडहेरिन मोडलेले असते. जनुकात कुठे तुकडा गळालेला, कुठे भलताच मजकूर घुसलेला, कुठे जुळणी चुकलेली. प्रथिन अर्धवट बनते किंवा विषाला पकडता येत नाही. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत याच एका जनुकाच्या आठ वेगवेगळ्या मोडक्या आवृत्त्या सापडल्या, आणि त्या अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आधी सापडलेल्या तीन आवृत्त्यांपेक्षा निराळ्या होत्या. क्राय२एबीच्या बाबतीतही गोष्ट तशीच आहे, फक्त मोडलेले प्रथिन वेगळे: पेशीच्या पडद्यातून पदार्थ वाहून नेणारे एबीसीए२.

उत्क्रांतीला ठरलेले ध्येय असते तर एकाच देशात आठ निरनिराळ्या तऱ्हांची मोडतोड दिसली नसती. अशी मोडतोड प्रत्येक पिढीत, प्रत्येक जिवात, विष असो वा नसो, योगायोगाने होतच असते. बहुतेक मोडक्या आवृत्त्या तोट्याच्या म्हणून मागे पडतात. शेतभर क्राय१एसी असले की नेमकी ही मोडतोड जीव वाचवते. एकेकटी अळी काही शिकत नाही, तिला कशाची सवयही होत नाही. जन्मल्यावर पहिला घास घेतला की थोड्याच दिवसांत ती मेलेली असते किंवा जगलेली. बदलते ते पुढच्या पिढीतले प्रमाण.

या मोडतोडीची किंमतही आहे. अ‍ॅरिझोनातल्या प्रतिकारक वंशाच्या अळ्या साध्या, बिगर-बीटी कपाशीवर वाढवल्या तेव्हा साध्या अळ्यांपेक्षा कमी जगल्या. हिवाळ्याची सुप्तावस्था पार करून बाहेर पडण्यातही त्या मागे राहिल्या. बीटीच्या शेतात जी अळी ‘सरस’ ठरते तीच शेजारच्या बिगर-बीटीच्या ओळीत ‘निकस’ ठरते. दोन ओळींतले अंतर तीन-चार फूट असेल, आणि तेवढ्यात योग्यतेचा क्रम उलटतो.

आकडेमोड: पंधरा वर्षांत असे का व्हावे

बीटी कपाशीभोवती मुद्दाम पेरायच्या बिगर-बीटी कपाशीच्या ओळींना आश्रय ओळी म्हणतात; त्यांच्यामागचे गणित सहसा कोणी उलगडून सांगत नाही, म्हणून ते इथे मांडतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पद्धत मात्र खरी आहे.

समजा परिसरात १० लाख अळ्या आहेत. प्रत्येकीत कॅडहेरिन जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २० लाख. त्यांतल्या हजारात एक मोडकी, म्हणजे २,००० मोडक्या प्रती. दोन्ही प्रती मोडक्या असलेली अळी सरासरी एकच निघेल. एक मोडकी आणि एक धड असलेल्या सुमारे १,९९८. एक धड प्रत असली तरी विषाला पकड मिळते, त्यामुळे पूर्ण मात्रा पोटात गेली तर या १,९९८ मरतात.

पहिली स्थिती: २० टक्के क्षेत्रावर बिगर-बीटी कपाशी आहे. तिथल्या २ लाख अळ्या जगतात आणि त्यांच्याकडे ४०० मोडक्या प्रती असतात. बीटीच्या ८ लाखांतून दुहेरी मोडकी जेमतेम एक वाचते. पुढच्या पिढीत ४ लाख प्रतींत मोडक्या सुमारे ४०२. प्रमाण जवळपास जिथल्या तिथे. वाचलेल्या त्या एका अळीचा पतंग झाला की त्याला जोडीदार मिळणार तो आश्रय ओळीतला, म्हणजे संततीत पुन्हा एक धड प्रत आणि बीटीवर पुन्हा मरण. या गतीने प्रमाण दुप्पट व्हायला सुमारे सव्वाशे पिढ्या लागतात. हंगामाला तीन-चार पिढ्या धरल्या तर तीस वर्षांहून जास्त.

दुसरी स्थिती: आश्रय ओळी तेवढ्याच, पण विषाची मात्रा कमी पडल्यामुळे एक मोडकी प्रत असलेल्या अळ्यांतल्या १० टक्के जगतात. आता बीटीतून आणखी १६० मोडक्या प्रती पुढे जातात. प्रमाण हजारात १ वरून १.४ होते आणि दोन पिढ्यांत जवळपास दुप्पट.

तिसरी स्थिती: आश्रय ओळी नाहीत आणि १० टक्के एकेरी मोडक्या अळ्या जगतात. दहा लाखांतून वाचतात सुमारे २००. त्यांच्या ४०० प्रतींपैकी निम्म्या मोडक्या. एकाच पिढीत हजारातल्या एकावरून निम्म्यावर. आजूबाजूला थोडीफार साधी कपाशी, भेसळ आणि उडत येणारे पतंग असतात, म्हणून खऱ्या शेतात चित्र इतके टोकाचे होत नाही. पण या स्थितीत शेतकऱ्याला काय दिसेल ते पाहा: दहा लाखांच्या दोनशे अळ्या. शेत स्वच्छ, सगळे खूश. शांत वर्षे अशी असतात.

मात्रा कमी का पडली

भारतातली बीटी कपाशी जवळपास पूर्णपणे संकरित आहे. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात मुख्यतः सरळ, म्हणजे बिगर-संकरित, वाण पेरले जातात आणि त्यांत बीटी जनुकाच्या दोन्ही प्रती असतात. आपल्या संकरित झाडात एक प्रत असते. झाडाच्या पानात विष असतेच, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी आहे आणि तिथे जनुकांची वाटणी होते. एकच जनुक असलेल्या वाणात चारातली एक सरकी विषाविना निघते. बोलगार्ड-२ मध्ये दोन जनुके वेगवेगळ्या जागी असल्याने १६ सरक्यांत ९ दोन्ही प्रथिनांच्या, ३ फक्त एका, ३ फक्त दुसऱ्या आणि १ कोरी.

गुलाबी बोंडअळी पान खात नाही. ती सरकी खाते, आणि एकीतून दुसरीत शिरत खाते. तिच्या ताटात पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि शून्य मात्रा शेजारी शेजारी वाढलेली. एक मोडकी प्रत असलेल्या अळीला निभावून नेण्यासाठी याहून सोयीची मांडणी करणे अवघड आहे. शिवाय झाड वयस्क होते तसे प्रथिनाचे प्रमाण घटत जाते, सुमारे ११० दिवसांनंतर ठळकपणे. ही अळी नेमकी हंगामाच्या उत्तरार्धातली. आपले अनेक संकरित वाण १८० दिवसांहून जास्त उभे राहतात, आणि त्यावर फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही जुनेच पीक राखून घेतलेली, एक-दोन वेचणी.

आश्रय ओळींचा नियम कागदावर होता: क्षेत्राच्या २० टक्के किंवा भोवती पाच ओळी, यांतले जे जास्त असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे येत असे. ते बहुतेक ठिकाणी पेरलेच गेले नाही. याचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. तीन एकरांतला पाचवा हिस्सा अळीला सोडा, असे सांगताना ते कशासाठी, हे कोणी समजावले नव्हते. त्या १२० ग्रॅमची उगवण आणि फुलण्याचा काळ मुख्य वाणाशी जुळेलच याचीही खात्री नव्हती. आश्रय ओळी महिनाभर उशिरा फुलल्या तर तिथले पतंग उशिरा निघणार, जोड्या जुळणार नाहीत आणि सगळे गणित वाया. पुढे बियाणे एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, ४५० ग्रॅम बीटीत २५ ग्रॅम बिगर-बीटी. पेरणीची अडचण सुटली, पण तोवर अळी पुढे गेली होती.

त्याच शेतातली दुसरी अळी

प्रगतीच्या सिद्धांताला सगळ्यांत मोठा धक्का शेजारचीच अळी देते. अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी आणि तुरीवर शेंगा पोखरणारी तीच. तिने १९९० च्या दशकात एकामागून एक कीटकनाशके निकामी केली होती. बीटी कपाशी मुख्यतः तिच्याचसाठी आणली. क्राय१एसी तिच्यावर गुलाबीइतके प्रभावीही नव्हते. तेव्हा ‘हुशारी’ वाढायचीच असती तर ती आधी हिच्यात वाढायला हवी होती. तसे घडले नाही. बोलगार्ड-२ वर गुलाबी अळी बोकाळली तेव्हाही घाटेअळी बव्हंशी आटोक्यात होती.

फरक ताटातला आहे. घाटेअळी तूर, हरभरा, टोमॅटो, मका, भेंडी, काय वाटेल ते खाते. विदर्भातले कपाशीतले तुरीचे आंतरपीक तिच्यासाठी आपोआप आश्रय ओळ ठरले. दर हंगामात तुरी-हरभऱ्यावरून बिनविषारी अन्नावर वाढलेले लाखो पतंग येऊन मोडक्या प्रती पातळ करत राहिले. गुलाबी अळीचे पोट जवळपास कपाशीवरच अवलंबून, आणि कपाशी तर सगळी बीटी. विष तेच, शेत तेच, वर्षेही तीच. परिस्थिती वेगळी, म्हणून निकाल वेगळा.

तीच अळी, दुसऱ्या देशांत

अ‍ॅरिझोनात बीटी कपाशी १९९६ मध्ये आली. १९९७ मध्ये तिथल्या दहा शेतांतल्या अळ्या तपासल्या तेव्हा प्रतिकारक प्रतींचे प्रमाण ०.१६ निघाले, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या हजारात एकाच्या १६० पट. आता दोन-तीन वर्षांत सगळे संपणार असाच अंदाज होता. १९९९ पर्यंत प्रमाण वाढलेच नाही. सरळ वाण, पूर्ण मात्रा, बिगर-बीटीचे राखलेले क्षेत्र आणि मोडक्या कॅडहेरिनची हिवाळ्यातली किंमत, हे सगळे एकत्र आले. २००६ पासून आश्रय क्षेत्राऐवजी निर्बीज केलेले पतंग विमानातून कोट्यवधींच्या संख्येने सोडले गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर केले. आपल्याकडे ती मात करत होती, तेव्हाच तिकडे ती नामशेष झाली.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात २०१० पर्यंत प्रतिकारक अळ्या वाढत होत्या. मग शेतकरी संकरित बियाण्याची दुसरी पिढी स्वस्त म्हणून पेरू लागले. त्यात चारातले एक झाड पूर्णपणे बिगर-बीटी. कोणी ठरवले नसताना २५ टक्के आश्रय तयार झाला आणि प्रतिकाराचे प्रमाण खाली आले. आपल्याकडे वाटणी बोंडाच्या आत, सरकी-सरकीत झाली, तिथे झाडा-झाडांत. कोऱ्या झाडावरची अळी पूर्ण बिनविषारी वाढते, विषारी झाडावरचीला बऱ्याच अंशी विषाशीच गाठ पडते. तेच मेंडेलचे गणित, परिणाम उलटा. प्रगतीचा जिना मागे फिरत नाही. अनुकूलन मात्र परिस्थिती फिरली की फिरते.

‘पण जंतूपासून माणसापर्यंत गुंतागुंत वाढलीच ना?’ असा प्रश्न इथे हमखास येतो. काही शाखांत वाढली. जीवसृष्टी सगळ्यांत साध्या टोकापासून सुरू झाली, त्यामुळे पसरायला मोकळी जागा एकाच बाजूला होती. पण साधे जीव मागे पडून संपले नाहीत. या प्रकरणातले विषच मुळी एका जिवाणूचे आहे.

शेतात याचा अर्थ

अळीची ताकद नव्हे, तिची परिस्थिती बदलायची. हंगामाच्या शेवटी गुलाबी अळी सुप्तावस्थेत जाते, दोन सरक्या जोडून त्यांच्या पोकळीत किंवा पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांवरच्या, किडक्या बोंडांत. पुढच्या पावसाळ्यात पतंग निघतात. तेव्हा शेतात पाते (फुलाची कळी) किंवा फूल नसेल तर अंडी वाया जातात. म्हणून पूर्वहंगामी मे महिन्याची लागवड टाळायची, कारण ती या पतंगांना अगदी वेळेवर पाते पुरवते. कपाशी डिसेंबरअखेर मोडायची, पऱ्हाटीची गंजी बांधावर रचायची नाही, आणि फरदड घ्यायची नाही. जिनिंगच्या आवारात सरकी आणि कवडी पडून राहिली तर आसपासच्या शेतांची सगळी मेहनत तिथूनच उसवते.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाच्या गोळीने नर पतंगांना ओढणारे), पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. घाटेअळीची गोळी हाताळलेल्या हातानेच गुलाबीची गोळी लावू नका, वास मिसळतो आणि नोंद फसते. फुले लागताच डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या चिकटून गुलाबकळीसारख्या मिटलेल्या फुलांचा शोध घ्यायचा आणि त्या अळीसकट तोडून नष्ट करायच्या. त्यानंतर दर आठवड्याला शेतातून तिरके चालत १५-२० दिवसांची २० हिरवी बोंडे फोडायची. अळीचे शिरण्याचे छिद्र बोंड वाढताना बुजते, त्यामुळे बाहेरून पाहून काहीच कळत नाही, आणि पाहणी फसते ती इथेच. २० पैकी दोन बोंडांत अळी किंवा सालीच्या आतल्या बाजूला फोड दिसले तर नुकसानीची पातळी गाठली आहे.

अळी सापडली म्हणजे प्रतिकार सिद्ध झाला असे नाही. आधी झाड खरोखर बीटी आहे का ते पानाच्या पट्टी-चाचणीने पाहावे. बनावट किंवा भेसळीच्या बियाण्यावरही अळी येते. पक्का निष्कर्ष प्रयोगशाळेत मिळतो. नुकत्याच जन्मलेल्या अळ्या मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम क्राय१एसी असलेल्या आहारावर २१ दिवस ठेवून किती जगतात हे तिथे मोजतात.

एकट्याने केलेली मोडणी फुकट जाते, कारण पतंग बांध ओळखत नाही. निदान शिवारभर एकाच वेळी व्हावी. आणि वेळापत्रक हीसुद्धा परिस्थितीच आहे, हे विसरून चालणार नाही. सगळे शिवार जूनअखेरीस पेरू लागले की उशिरा जागे होणारे पतंग वाचणार आणि त्यांचीच संतती वाढणार, अशी शक्यता धरून चालावे. म्हणून सापळ्यात पहिला पतंग कोणत्या तारखेला आला, पेरणी कोणत्या तारखेची होती आणि पहिली डोमकळी कधी दिसली, या तीन तारखा दर हंगामात वहीत लिहाव्यात. पहिल्या पतंगाची तारीख वर्षागणिक पुढे सरकताना दिसली, तर पेरणीची तारीख पुन्हा बसवावी लागेल.